कच्ची टेप

शिंप्याला मास्तर म्हणायची रीत आहे. मास्तरांचा आणि मास्तरकीचा संबंध तेवढाच. दुकान म्हणजे रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरलं की लागणारी एक खोली. वरून डोकावणाऱ्याला आधी मास्तरांचं टक्कल दिसे, मग गळ्यातली मापाची टेप, मग मशीन. खोलीच्या मधोमध पडदा होता. पडद्याच्या अलीकडे गिऱ्हाइकांचे कपडे, पलीकडे 'रिकामे डबे'.

'रिकामे डबे' हे एका बँडचं नाव. चौघं होते. लोक नावं ठेवणारच, तर आपणच आधी ठेवून घेऊ, असा त्यांचा हिशोब. बाजारात त्यांची एकही तबकडी कधी आली नाही. गुदामात, कॉलेजच्या पटांगणात, पडीक सिनेमागृहात, जिथे कुणी वाजवू देईल तिथे वाजवायचे. त्यांच्यातल्या गाणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. आवाज तसाच होता, झोपलेल्याला उठवून बसवील असा. भोंगा ऐन तारुण्यात तापानं गेला, उरलेले तिघं पांगले, आणि डबे खरोखरच रिकामे झाले.

राहिलं ते एवढंच, जे मास्तरांनी भरून ठेवलं होतं. तरुणपणी ते प्रत्येक मैफलीला जात. त्यासाठी त्यांनी स्वतःचा एक कोट शिवला होता. आतल्या खिशात टेपरेकॉर्डर बसे आणि कॉलरच्या शिवणीत बोराएवढा माईक. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, काय टापटीप माणूस आहे, उकाड्यातसुद्धा कोट घालतो. मास्तरीणबाई म्हणत, "माणसाच्या गळ्यात एक टेप असते. यांनी कपाटभर अडकवून घेतल्यात."

पुढे लेक मोठी झाली, तिनं कॉम्प्युटर आणला, आणि कपाटातलं सगळं हळूहळू इंटरनेटवर चढवलं. 'डब्यांचं कपाट' असं त्या पानाचं नाव. कुठून कुठून माणसं येऊन ऐकत. काहींचा तर जन्मही भोंगा गेल्यानंतरचा. ती लिहीत, "मास्तर, तुमच्यासारखी स्वच्छ टेप कुणाकडेच नाही." मास्तर ते लेकीकडून वाचून घेत आणि "बरं, बरं, पुढचं वाच," म्हणत. पण कान लाल होत.

स्वच्छ म्हणजे काय, ते सांगायला हवं. कपडा शिवताना आधी कच्चा दोरा घालतात, सैल, लांब टाक्यांचा. त्यावर पक्की शिलाई मारली की कच्चा दोरा ओढून काढून टाकायचा. तो राहिला तर कपडा गबाळा दिसतो. मास्तरांनी टेपांनाही तोच कायदा लावला. मैफलीत भरून आणलेली ती कच्ची टेप. घरी आल्यावर दुसऱ्या मशीनवर त्यातली फक्त गाणी उतरवायची, ती पक्की. टाळ्या, शिट्ट्या, तारा जुळवणं, गर्दीतल्या कुणाचं तरी हसणं, भोंग्याची बडबड, सगळं गाळायचं. पहिला सूर सुरू व्हायच्या क्षणाला बटण दाबायचं, शेवटचा विरला की लगेच थांबवायचं. आणि मोकळ्या झालेल्या कच्च्या टेपेवर पुढची मैफल भरायची. टेपा काही झाडाला लागत नव्हत्या.

एवढ्या सगळ्यात एकच डाग राहिला होता. 'पाण्याची टाकी' नावाचं त्यांचं एक गाणं होतं, संथ, रडवेलं. त्याच्या शेवटच्या सुरावर कुणीतरी खोकलं होतं, जोरात, छातीच्या तळातून. सूर कापल्याशिवाय खोकला कापता येईना. मास्तरांनी त्या गाण्याखाली लिहायला लावलं होतं: 'शेवटी खोकला आहे. क्षमस्व.' खोकणारे मास्तर स्वतःच होते, हे लिहायला लावलं नव्हतं. कॉलरमधला माईक, त्याच्या वर चार बोटांवर तोंड. कापसाच्या आणि लोकरीच्या तंतूत उभा जन्म गेलेल्या माणसाची छाती.

एका दुपारी एक म्हातारी भिंतीला धरून दोन पायऱ्या उतरली.

"मास्तर तूच का?"

"मीच. काय शिवायचंय, मावशी?"

"आता माझं काय शिवायचं राहिलंय? असली तर शेवटची चादर. तीही विकत मिळते." म्हातारी स्टुलावर बसली, दम घेतला. "जोरानं बोल हं. एक कान गेलाय, दुसरा वाटेवर आहे. माझ्या मुलाचा आवाज तुझ्याकडे आहे म्हणे."

मास्तरांना उलगडायला क्षणभर लागला. मग त्यांनी हातातली पँट तशीच मशीनवर सोडली आणि उभे राहिले. भोंग्याची आई. एवढी वर्षं याच गावात होती, आणि आपण कधी शोधली नाही.

"मैफलीत कधी दिसला नाहीत, मावशी."

"मला त्या गोंगाटात कोण नेणार? आणि तोच म्हणायचा, आई तू येऊ नकोस, तू आलीस की मला लाज वाटते मोठ्यानं ओरडायची."

मास्तरांनी पडदा सारला, तिला आत नेलं, चांगल्या कानाशी स्पीकर ठेवला. मनातल्या मनात निवड केली. उत्तमातलं उत्तम गाणं, सर्वात निर्मळ. भोंग्याचा आवाज खोलीभर झाला. म्हातारीनं अर्ध्यातच तळहात वर केला.

"हे बंद कर, बाबा. गाणी मला पाठ आहेत. न्हाणीघरात सगळी आधी मीच ऐकलीत. मला बोललेलं लाव."

"बोललेलं?"

"दोन गाण्यांच्या मधे काहीतरी बोलत असेल ना? घरात तर तोंड मिटत नसे. बारशाला गेला आणि बारावं करून आला तरी गोष्ट संपायची नाही." ती हसली, मग तिचं हसू उतरलं. "त्याचा चेहरा आठवतो मला. नखं कुरतडायचा, ती बोटं आठवतात. बोलणं आठवत नाही. कसा म्हणायचा 'आई', ते गेलं. गाताना आवाज चढवायचा रे तो. घरात तसा बोलला असता तर मी कान पिळला असता. गाताना तो तुमचा सगळ्यांचा. मला घरातला हवाय. डॉक्टर म्हणतो, हा कान हिवाळा काढील असं वाटत नाही. जायच्या आधी एकदा तेवढं ऐकव. मग जाऊ दे."

मास्तरांचा हात बटणावर तसाच होता. भोंगा बोलत असे. दोन गाण्यांत एवढा बोले की ढोलवाला काठीनं त्याच्या पाठीत ढोसायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. ते सगळं मास्तरांनी ऐकलं होतं. दोन दोनदा ऐकलं होतं, एकदा मैफलीत आणि एकदा घरी, कापताना.

"बघतो," ते म्हणाले.

शिंप्याच्या 'बघतो'वर कुणी भरवसा ठेवू नये. पण म्हातारीनं ठेवला. पत्ता सांगितला, पायऱ्या चढताना मागे वळून म्हणाली, "लवकर बघ हं. सणावाराच्या कपड्यासारखं करू नकोस."

संध्याकाळी लेक आली तेव्हा मास्तर कपाटासमोर जमिनीवर बसले होते, भोवती टेपांचा ढीग.

"बाबा, हे काय? उंदीर शिरला का?"

त्यांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पर्स खाली ठेवली. "कच्च्या टेपा कुठे आहेत?"

"त्यांच्यावर पुढची मैफल भरली."

"आणि त्या पुढच्या मैफलीची?"

"तिच्यावर त्याच्या पुढची."

"एकही ठेवली नाहीत? चुकून, विसरून?"

"मी विसरत नसतो," मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज पडला. बापाच्या नीटनेटकेपणावरून लेक नेहमी टोमणे मारायची. आज एकही मारला नाही. मास्तरांना ते टोमण्याहून जड गेलं.

तिनं पानावर लिहिलं: कुणाकडे भोंग्याचं बोलणं आहे का, कसंही चालेल, कितीही घाण असली तरी चालेल. उत्तरं भराभर आली. सगळ्यांकडे पुष्कळ होतं, आणि सगळं मास्तरांकडूनच उतरवून घेतलेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बँडमधला ढोलवाला आता टायर विकत होता. तो फोनवर म्हणाला, "मास्तर, आम्ही वाजवत होतो. टेप कशाला करू? तुम्ही करत होतात की."

मग लेक म्हणाली, "लांबू."

लांबू म्हणजे शेजारच्या गावातला एक सुतार. मास्तरांखेरीज मैफली भरणारा तो एकटाच. दारात वाकून यावं लागे इतका उंच, म्हणून लांबू. त्यानं पूर्वी आपल्या टेपा पानावर चढवायला पाठवल्या होत्या. मास्तर प्रत्येक टेपेला अ, ब, क असा दर्जा देत. लांबूला त्यांनी 'क' दिला होता, आणि खाली सगळ्यांना दिसेल असं लिहायला लावलं होतं: 'गाणं कमी, गर्दी जास्त. आधी झाडू मारा, मग पाठवा.' त्यानंतर लांबूचा शब्द आला नव्हता.

"माफी मागा आणि टेपा आणा," लेक म्हणाली. "गर्दी आहे म्हणजे बडबडही आहे."

मास्तर बसनं निघाले. वाटेत त्यांनी माफीची वाक्यं जुळवली, उसवली, पुन्हा जुळवली. गर्दी जास्त! देवा, गर्दी जास्तच असू दे. खिडकीला डोकं टेकून त्यांनी लांबूची ती टेप आठवायचा प्रयत्न केला. आठवत होतं. एक पोरगी कुणाला तरी हाक मारत होती, बाटली पडून घरंगळली होती, आणि भोंगा बुटाची नाडी सुटल्याबद्दल काहीतरी लांबण लावत होता. तेव्हा ऐकताना मास्तरांच्या कपाळाला आठी पडली होती.

लांबूच्या कारखान्यात भुसा आणि सरसाचा वास होता. एक दार आडवं पडलं होतं, त्यावर रंधा. मास्तरांना पाहताच लांबूनं रंधा टाकला.

"अहो मास्तर! तुम्ही? इथे? बसा, बसा, तिथे नको, तिथे ओलं आहे. चहा सांगतो."

"लांबू, मी त्या वेळी जे लिहिलं ना…"

"अगदी खरं लिहिलं होतंत!" लांबूनं त्यांना बोलूच दिलं नाही. "मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, तो शिंपी स्वतःला समजतो कोण? मी म्हटलं, समजतो कोण ते सोड, बोलतो ते बरोबर आहे. लाकूडसुद्धा आपण रंधा मारल्याशिवाय देतो का गिऱ्हाइकाला? या, या, दाखवतो."

मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता, पडद्यावर भुशाची साय. लांबूनं रुमालानं पुसली, खुर्ची ओढून मास्तरांना बसवलं आणि गाणं लावलं. गाणं पहिल्या सुराला सुरू झालं आणि शेवटच्या सुराला थांबलं. ना टाळी, ना शिट्टी. काचेसारखं. मग दुसरं. मग तिसरं. लांबू मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होता, पास-नापास ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा.

"दोन वर्षं लागली," तो म्हणाला. "कानाला भूल पडायची. पण एक खडा ठेवला नाही. तुमच्यापुढे ठेवायचं तर तसंच हवं. पाठवणारच होतो, पण म्हटलं सगळं झाल्यावर एकदम पाठवू."

"आणि कच्च्या?" मास्तरांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं.

"पक्की शिलाई झाली की कच्चा दोरा ओढून काढायचा. तुमचंच वाक्य, पानावर वाचलेलं. बुरशी धरत होत्या तशाही. गाडीभर कचऱ्याबरोबर दिल्या." लांबूनं हात चोळले. "मास्तर, आता तरी 'अ' मिळेल ना?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला कसं मारायचं?

"मिळेल," ते म्हणाले. "अ."

चहा आला. दोघांनी घेतला. लांबू त्यांना बसपर्यंत पोचवायला आला आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिला.

मग मास्तरांनी शेवटचा मार्ग धरला. कपडा संपल्यावर शिंपी कातरण गोळा करतो, तसा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा कानाला हेडफोन लावून ते प्रत्येक गाण्याचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक ऐकू लागले. कुठेतरी बटण दाबायला जराशी घाई झाली असेल, जरासा उशीर झाला असेल. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या हातून चूक झाली असावी म्हणून आस लावून बसले. हात फार चांगला होता. चुका फार थोड्या निघाल्या. एका ठिकाणी श्वास घेतल्याचा आवाज. एका ठिकाणी 'त' एवढाच, तो 'तर'चा की 'तुम्ही'चा, कोण जाणे. एका ठिकाणी जीभ टाळ्याला लागल्याची टिचकी. लेकीनं ते सगळं एकामागे एक जोडून दिलं.

'पाण्याची टाकी' त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सूर विरतो, खोकला येतो, आणि त्याला चिकटून, अगदी कात्रीच्या पात्याखालून निसटल्यासारखं, 'अरे'. बस. पुढे काही नाही. पण पुढे काय होतं ते मास्तरांना शब्दनशब्द पाठ होतं. भोंगा मंचावरून म्हणाला होता, "अरे, त्या कोटवाल्याला कुणीतरी पाणी द्या रे, नाहीतर आमच्या आधी त्याचाच ढोल फुटायचा!" सगळं सभागृह हसलं होतं. पाण्याची बाटली या हातातून त्या हातात करत मास्तरांपर्यंत आली होती, ते प्याले होते, आणि भोंग्यानं विचारलं होतं, "झालं का? करू का सुरू?" सगळ्या लोकांसमोर, एकट्या मास्तरांना. घरी आल्यावर कापताना मास्तरांना लाज वाटली होती. आपला खोकला, आपली फजिती, संग्रहात कशाला?

म्हातारीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पलंग, खिडकी, खिडकीत सुकलेली कुंडी. लेकीनं दिलेलं मुठीएवढं मशीन मास्तरांनी तिच्या चांगल्या कानाला लावलं. कान आणखी गेला होता, ओरडून बोलावं लागत होतं.

"मावशी, फार काही मिळालं नाही. तुकडे आहेत. तो काय बोलायचा ते मी सांगू शकतो, मला पाठ आहे."

"तू सांगून काय उपयोग? तुझ्या तोंडून ऐकायला आले होते का मी? लाव."

श्वास झाला. 'त' झाला. टिचकी झाली. म्हातारीचा चेहरा तसाच, दारावर वाट बघणाऱ्या माणसासारखा.

"हे काय रे? पिसं? कोंबडी कुठाय?"

मग संथ सूर आला, विरला, आणि खोकला.

म्हातारीनं मास्तरांचं मनगट धरलं. "हाच! परत लाव."

त्यांनी परत लावलं.

"हाच रे! माझा बाळ्या. लहानपणापासून छातीचा कच्चा. रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची मी. दाराबाहेर खोकला की मी पान वाढायला घ्यायची, हाक मारायची गरजच नसे." डोळ्यांतून पाणी आलं, तिनं पुसलं नाही. "मी कशी विसरले होते? परत लाव."

"मावशी," मास्तर ओरडले, "त्याच्या पुढचं ऐका. पुढे 'अरे' म्हणतो. ते नीट ऐका, तो…"

"'अरे' काय, कुणीही म्हणतं. खोकला ज्याचा त्याचा असतो." तिनं मशीन त्यांच्या हातातून काढून घेतलं, कानाशी दाबलं. "हे बटण ना? मी करते."

मास्तरांच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते त्यांनी गिळलं, आणि गिळताना घशात खवखव उठली, तीही गिळली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घरी लेकीनं विचारलं, "सांगितलंत?"

"काय सांगू?"

ती पानं वाढायला उठली.

त्यानंतर मास्तर अधूनमधून तिसरा मजला चढून जात. बटणात काही बिघडलं, सेल संपले, की म्हातारी निरोप धाडायची. बसले असताना छातीत उबळ आली की ते उठून बाहेर जात, जिना अर्धा उतरून भिंतीला टेकून खोकत, तोंडावर रुमाल दाबून, मग परत येत. "कुठे पळतोस सारखा?" ती विचारायची. "गिऱ्हाईक दिसलं," ते ओरडायचे. "तिसऱ्या मजल्यावरून गिऱ्हाईक दिसतं? घार आहेस की शिंपी?"

मधेच लांबूचं पत्र आलं, लेकीनं वाचून दाखवलं. त्यानं काहीतरी नवीन तंत्र मिळवलं होतं. 'मास्तर, एक आनंदाची बातमी. पाण्याच्या टाकीतला तो खोकला निघाला! आणि मागे चिकटलेला तो अर्धा शब्दही. सुराला धक्का नाही. आता तुमच्या कपाटात एकही डाग उरला नाही. पाठवू का?' मास्तरांनी उत्तर दिलं नाही.

हिवाळा सरत आला होता. एके दिवशी ते गेले, तेव्हा दार लोटलेलंच होतं. म्हातारी खिडकीकडे तोंड करून बसली होती, मशीन कानाशी. मास्तरांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग जवळ जाऊन पाहिलं, मशीनचा दिवा लागत नव्हता. सेल केव्हाच संपले होते. ती तरी अंगठ्यानं बटण दाबत होती, थांबत होती, पुन्हा दाबत होती.

उबळ आली. मास्तर सवयीनं दाराकडे वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. तिथेच, तिच्या पाठीशी उभं राहून ते खोकले, जोरात, छातीच्या तळातून, रुमाल न लावता.

म्हातारीनं मान वळवली नाही.